साहेबांच्या घरची लाईन

केबल आणि इंटरनेटवाल्यांनी व्हिडिओ गेमच्या धंद्यात उतरावं का, हा प्रश्न आमच्या ऑफिसात निघाला तेव्हा सगळ्यात मोठ्याने "उतरावं" म्हणणारा मी होतो. आमची कंपनी काही देशभर पसरलेली नव्हे. चेन्नई आणि आसपासचे दोन-तीन जिल्हे. पण त्या भागात घराघरात टीव्हीखाली आमचा डबा होता, दर महिन्याला आमचं बिल जात होतं आणि वायर सैल झाली तर आमचा माणूस शिडी घेऊन दारात उभा राहत होता. माझं म्हणणं एवढंच होतं की गेम कंपन्यांना जे दार ठोठावावं लागतं ते आपल्यासाठी आधीच उघडं आहे. कन्सोल नको, महागडा कम्प्युटर नको. गेम चालेल आमच्या सर्व्हरवर, चित्र येईल टीव्हीवर, आणि मुलाच्या हातात नुसता कंट्रोलर.

मुद्दा चुकीचा नव्हता असं मला आजही वाटतं. म्हणून तर जास्त त्रास होतो. मूर्खपणा केला असता तर एवढा झाला नसता.

सिनेमा आणि गेम यांत एक फरक आहे. सिनेमाचं पुढचं दृश्य ठरलेलं असतं, त्यामुळे डबा ते आधीच थोडं भरून ठेवतो आणि मध्ये लाईन अडखळली तरी बघणाऱ्याला कळत नाही. गेममध्ये पुढचा क्षण खेळणाऱ्याने अजून ठरवलेलाच नसतो. त्याने डावीकडे वळवलं की ते सर्व्हरपर्यंत जाऊन, तिथून चित्र बनून, परत यायला हवं, आणि तेही त्याला जाणवू न देता. भरून ठेवण्यासारखं काहीच नसतं. आमच्या लाईनी सिनेमासाठी टाकलेल्या होत्या. मुख्य रस्त्यापर्यंत ठीक, पण गल्लीत शिरल्यावर एकच तार घराघरात वाटत वाटत जायची. संध्याकाळी सगळे टीव्ही सुरू झाले की गल्लीच्या टोकाच्या घरात गेममधली गाडी आधी भिंतीवर आदळायची आणि मग वळायची.

हे मला माहीत होतं. चाचण्यांचे निकाल माझ्याच टेबलावर यायचे.

पण माझ्या घरी असं होत नव्हतं. आमच्या धंद्यात एक रीत आहे, कुणी लिहून ठेवलेली नाही पण सगळे पाळतात. साहेब राहायला आला की त्याच्या घरची लाईन वेगळी पडते. नंगनल्लूरला फ्लॅट घेतला तेव्हा मी काही मागितलं नव्हतं. दोन माणसं आली, गच्चीवरून थेट मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या पेटीपर्यंत स्वतंत्र तार टाकून गेली. लाईनमनने चहा पिता पिता तमिळमध्ये सांगितलं, "सार, तुमची लाईन म्हणजे देवळातलं स्पेशल दर्शन. रांग नाही, धक्का नाही, थेट गाभारा." मी हसलो. नको म्हणालो नाही. त्यामागचा विचार साधा असतो: साहेबाच्या घरी इंटरनेट कधीच बंद पडलं नाही, तर साहेब सकाळी ऑफिसात ओरडत येत नाही. आणि साहेबाला हळूहळू खरंच वाटायला लागतं की आपली कंपनी उत्तम चालली आहे.

अक्कांची ओळख याच कामातून झाली. मुलं कुठे खेळतात, काय खेळतात हे बघायला मी आदंबाक्कममधल्या एका गेम सेंटरमध्ये शिरलो होतो. खाली शिवणयंत्र दुरुस्तीचं दुकान, वर अरुंद जिना चढून एक लांबट खोली. पाच-सहा टीव्ही, जुने कन्सोल, शेंगदाण्याच्या चिकीची बरणी. काउंटरवर सुती साडीतली, चष्मा कपाळावर चढवलेली बाई. तेवढ्यात माझ्या बायकोचा फोन आला आणि मी कोथिंबीर आणू का कढीपत्ता यावर बोलत होतो. फोन ठेवला तर बाई मराठीत म्हणाली, "कोथिंबीर समोर घेऊ नका. पाणी मारून ठेवतो तो. स्टेशनाकडे जा."

तिची मराठी माझी नव्हती. तंजावरकडची, तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या घरांची. शब्द जुने, हेल तमिळ, आणि वाक्याच्या मध्येच तमिळ शब्द येऊन बसलेला. मला ती जशीच्या तशी लिहिता येणार नाही, म्हणून तिचं बोलणं मी माझ्या मराठीत लिहितो आहे. ती मला अण्णा म्हणाली, मी तिला अक्का म्हणालो. दोघांनीही एकमेकांना थोरलं करून टाकलं.

गल्लीतली मुलं तिला गेम अक्का म्हणायची. नवरा शहराबाहेर गुम्मिडिपूंडीला कारखान्यात, तिथेच खोली घेऊन राहायचा, रविवारी घरी. तिने आधी बँकेत कंत्राटावर नोकरी केली, ती सुटल्यावर हे सेंटर काढलं. नवऱ्याच्या मते हा पोरखेळ होता. "ते म्हणतात, शिकलेली बाई आणि पोरांना तासावर बंदुका भाड्याने देते," असं ती स्वतःच सांगून हसायची. पण गल्लीतल्या आया तिच्यावर निर्धास्त होत्या. कुठल्या मुलाची परीक्षा आहे हे तिला ठाऊक असायचं आणि त्याला ती जिन्यावरूनच परत पाठवायची. "अम्माला विचारून ये, मग बस." फोनवर कुठलं ॲप घ्यावं, कुठला डबा बरा, हेसुद्धा बायका तिलाच विचारायच्या. ते सेंटर म्हणजे तिचं एकटीचं काहीतरी होतं, आणि ते तिच्या शब्दावर चालत होतं.

त्या वर्षी तिच्यापुढे पेच होता. कन्सोल जुने झाले होते, नव्या गेम त्यांवर चालत नव्हत्या. नवे घ्यायचे तर मोठी उडी, नाही तर जागेचा करार संपेल तेव्हा बंद करायचं. मी तिला तिसरी वाट दाखवली. आमची सेवा सुरू होते आहे, सेंटरमध्ये आमचे डबे लावा. मुलं इथे खेळून बघतील, आवडलं की घरी जोडणी घेतील, ती तुमच्यामार्फत. तुम्ही आमच्या या भागाच्या प्रतिनिधी.

"डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही," ती म्हणाली. ठीकच होतं.

नवरात्र होतं. इतकी वर्षं चेन्नईत काढल्यावर माझी बायकोही घरी गोलू मांडायला लागली आहे, बाहुल्यांच्या पायऱ्या, शेजारी प्रसादाचं सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, आणि आमचं आपलं हळदीकुंकू. तिने अक्कांना बोलावलं. अक्का आल्या त्या रेशमी साडी, मोगऱ्याचा गजरा, आणि सुंडलची वाटी हातात घेतल्या घेतल्या म्हणाल्या, "वहिनी, सुंडल फर्स्ट क्लास. आता अण्णा, तुमचा गेम दाखवा."

मी टीव्ही लावला. शर्यतीची गेम होती. अक्कांनी बांगड्या कोपरापर्यंत मागे सारल्या, पदर खोचला आणि कंट्रोलर हातात घेतला. इतर बायका बघतच राहिल्या. "अय्यो, ही तर पोलिसांनाही मागे टाकेल," कुणीतरी म्हणालं. अक्कांनी मुद्दाम गाडी कडेला नेऊन झटका देऊन वळवली, पुन्हा वळवली, ब्रेक लावून बघितला. त्या खेळत नव्हत्या, तपासत होत्या. गाडी त्यांच्या बोटांबरोबर वळत होती. कुठे क्षणभरही मागे नाही.

कंट्रोलर खाली ठेवून त्या म्हणाल्या, "ह्यात खोट काही नाही ना, अण्णा? तुमच्याकडे चालतंय तसं माझ्या गल्लीत चालेल?"

"असंच चालेल," मी म्हणालो.

मी त्या उत्तराकडे पुष्कळदा परत गेलो आहे. घाईत बोललो, असं म्हणता येत नाही. लाईनची गोष्ट माझ्या तोंडाशी आली होती. खोलीत बायका होत्या, बायको कौतुकाने माझ्याकडे बघत होती, अक्कांच्या गालावर खेळण्याची लाली होती. आणि मला त्यांचा होकार हवा होता. ऑफिसात दाखवायला एक चालतं सेंटर हवं होतं. लोकांच्या घरी सेवा सुरू होईपर्यंत आपण गल्लीतल्या लाईनी सुधारून घेऊ, असं मी स्वतःला सांगितलं. त्या कामाला मंजुरी मिळालेली नव्हती. मी मागितलीही नव्हती.

अक्कांनी कन्सोल रिची स्ट्रीटवरच्या एका व्यापाऱ्याला विकून टाकले. आमचे डबे लागले. पहिल्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"अण्णा, तुमच्या घरची जादू इथे का नाही आली? इथे गाडी दारू पिऊन चालवल्यासारखी जाते. पोरं मला हसतात."

इथे तरी मला खरं सांगता आलं असतं. मी काय केलं? मी लाईनमनला सांगून सेंटरलाही वेगळी तार टाकून दिली. मदत म्हणून केली, अगदी मनापासून. आपल्या माणसाची अडचण, आपल्या हातात सोय, करून टाकली. असं आम्ही सगळेच करतो आणि त्याला चांगुलपणा म्हणतो. एका दिवसात अक्कांची गाडी सरळ धावायला लागली. त्यांनी फोनवर मला आशीर्वाद दिले. मी ते घेतले.

मग जे व्हायचं ते झालं. मुलं सेंटरमध्ये खेळायची, घरी जाऊन हट्ट धरायची. आया जिना चढून यायच्या, स्वतः बघायच्या, आणि अक्कांना विचारायच्या, "घरी असंच चालेल ना?" अक्का सांगायच्या, चालेल. जोडण्या भराभर गेल्या. ऑफिसात आमच्या वरिष्ठांनी मीटिंगमध्ये आदंबाक्कमचं उदाहरण दिलं. मला टाळ्या मिळाल्या.

घरी गाडी भिंतीवर आदळत होती.

लोक कंपनीकडे तक्रार करायचे, तिथे यंत्र उत्तर द्यायचं. मग ते अक्कांकडे जायचे. एकदा मी सेंटरमध्ये असताना एक बाई कंट्रोलर पिशवीत घालून घेऊन आली आणि तो काउंटरवर ठेवून तमिळमध्ये म्हणाली, "कंपनीने फसवलं तर मी कंपनीला शिव्या देईन. तू कशाला फसवलंस? मी तर तुझं तोंड बघून घेतलं." अक्कांनी माझ्याकडे बघितलं नाही. "बसा, काफी मागवते," एवढंच त्या म्हणाल्या. बाई बसली नाही. मुलं खेळायची थांबली होती. मी फोन काढून उगाच काहीतरी वाचत उभा राहिलो.

हळूहळू सेंटर रिकामं झालं. आयांनी मुलांना पाठवणं बंद केलं. रागापेक्षाही ते वेगळं होतं. आता त्या अक्कांना काही विचारत नव्हत्या.

काही महिन्यांनी कंपनीने सेवा गुंडाळली. मेल आली, तिच्यात "पुनर्विचार" हा शब्द होता. ज्यांनी कंट्रोलर घेतले होते त्यांना पुढच्या बिलात सवलत मिळाली. मला दुसरं खातं मिळालं. कुणालाही काही झालं नाही. असं म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे.

मी एका शनिवारी सकाळी अक्कांना सांगायला गेलो. ठरवून गेलो होतो, सगळं सांगायचं. जागेचा करार संपत आला होता. त्या टीव्ही उतरवून चादरीत गुंडाळत होत्या. मी उभ्याउभ्याच बोललो. माझ्या घरची लाईन, चाचण्या, गोलूच्या दिवशीचं माझं उत्तर. बोलताना माझा आवाज कापत होता आणि त्या कापण्याचीही मला लाज वाटत होती, कारण तो ऐकून आपल्याला लवकर माफी मिळेल असं मनात कुठेतरी होतं.

अक्कांनी चादरीला गाठ मारली.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तार टाकायला आला तेव्हाच तो लाईनमन सांगून गेला. अक्का, तुम्हाला सारांच्या घरासारखं स्पेशल दर्शन, म्हणून."

मी जवळच्या स्टुलावर बसलो.

"म्हणजे तुमच्या घरचं नैवेद्याचं ताट बघून मी पंगतीला पान मांडलं. ठीक. तो दोष तुमच्याकडे. पण मला कळल्यावर मी काय केलं? मीही सांगितलं नाही. पहिल्यांदाच इतकी पोरं येत होती. ह्यांना दाखवायचं होतं मला, की बघा, हा पोरखेळ नाही." त्यांनी वायरी गोळा करून पिशवीत टाकल्या. "आयांनी मला विचारलं, घरी चालेल ना. तुमच्यासारखंच बोलले मी."

मग त्यांनी खिडकी लावून घेतली, चप्पल पायात सरकवली आणि म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही आलात. चला."

"कुठे?"

"गल्लीत. ज्यांनी ज्यांनी जोडणी घेतली त्यांच्याकडे. दारात उभं राहून सांगायचं. माझ्या दुकानातली लाईन वेगळी होती, म्हणून चाललं. तुमची तशी नव्हती, हे आम्हाला ठाऊक होतं. तुम्ही कंपनी, मी दुकान. मी एकटी बोलले तर म्हणतील कंपनीवर ढकलते. तुम्ही एकटे बोललात तर कुणी दारच उघडणार नाही. दोघं असलो तर तोंडं तरी बघतील."

"अक्का, आता काय उपयोग? सेवा बंद झाली."

"सेवा तुमची बंद झाली. मी ह्याच गल्लीत भाजी घेते."

मी म्हणालो, मला असं बाहेर बोलायची कंपनीची परवानगी नाही. ते खरं होतं. मग म्हणालो, अकराला मीटिंग आहे. तेही खरं होतं, पण शनिवारची ती मीटिंग फोनवर होती आणि मी नसतो तरी झाली असती. मला दिसत होती ती पिशवीत कंट्रोलर घेऊन आलेली बाई. तिच्या दारात उभं राहून, माझ्या मोडक्या तमिळमध्ये, मला माहीत होतं असं म्हणायचं. अक्कांपुढे ते मला जमलं, कारण अक्का माझ्याशी मराठीत बोलणार होत्या, चहा विचारणार होत्या. तिथे तसं काही नव्हतं.

"पुढच्या शनिवारी जाऊ," मी म्हणालो.

अक्कांनी माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नाही. परीक्षा असलेल्या मुलाला जिन्यावरून परत पाठवताना त्या बघायच्या तसं.

"शरि, अण्णा. ठीक आहे. तुम्ही निघा. उशीर होईल तुम्हाला."

आम्ही एकदमच जिना उतरलो. मी गाडीकडे वळलो, त्या उजवीकडे. कोपऱ्यावरच्या पहिल्या घराची कडी त्या वाजवत होत्या, ते मी गाडीच्या काचेतून बघितलं. दार उघडलं तसं मी गाडी सुरू केली.

त्या घरोघरी काय बोलल्या हे मला बायकोकडून कळलं. बायकोची एक मैत्रीण त्याच गल्लीत राहते. काही जणांनी दारातच ऐकून घेतलं, एका घरी बसवून पाणी दिलं, कंट्रोलरवाल्या बाईने दार लावून घेतलं आणि मग थोड्या वेळाने उघडलं. अक्कांनी स्वतःचं सगळं सांगितलं. कंपनीतल्या कुणाबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

"अहो, तुम्ही बरोबर होतात ना तेव्हा?" बायकोने विचारलं. "सकाळी तिकडेच तर गेला होतात."

"नाही," मी म्हणालो. "मीटिंग होती."

तिने हातातली भाजी खाली ठेवली. मग म्हणाली, "मीटिंग तर तुम्ही इथेच, ह्या खुर्चीत बसून केलीत." आणि आत गेली.

अक्कांनी सेंटर सोडलं. त्या आता एका शाळेच्या ऑफिसात काम करतात असं ऐकलं. गल्लीतल्या बायका शाळेच्या प्रवेशाबद्दल त्यांना विचारतात म्हणे. म्हणजे तिथलं काहीतरी परत जुळलं असावं. ते कशामुळे जुळलं हे मला ठाऊक आहे, आणि त्यात माझा काही वाटा नाही.

गेमचा प्रश्न ऑफिसात पुन्हा निघाला आहे. आता फायबर गल्लीत पोचलं आहे, आकडे बरे दिसतात, नवी मुलं उत्साहाने बोलतात आणि कदाचित त्यांचं बरोबरही असेल. मागचा अनुभव म्हणून मला बोलावलं होतं. मी लाईनींबद्दल बोललो, चाचण्या साध्या घरांत करा म्हणालो, साहेब लोकांच्या घरी करू नका म्हणालो. सगळे हसले, त्यांना विनोद वाटला. एकाने विचारलं, मागच्या वेळी लोकांकडून नेमका काय प्रतिसाद आला होता, प्रत्यक्ष घरोघरी कुणी जाऊन विचारलं होतं का?

गेलं होतं, मी म्हणालो. कोण, ते त्याने विचारलं. मी म्हणालो, आमच्या प्रतिनिधी. आणि पुढचा मुद्दा घेतला.